माल्टा : आठ रात्री, होस्टेल आणि आम्ही नणंद-भावजय. जावं का?

भिंगरी (१२ मार्च २०२५)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी (४६) आणि माझी वहिनी (५२) अशा दोघीच सप्टेंबरात माल्टाला जायचं म्हणतोय. नवरे येणार नाहीत, त्यांना विचारलंही नाही खरं तर. यंदा अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आहे, गणपती बोळवून ७ च्या रात्री मुंबईहून निघायचं आणि ८ ला दुपारी पोचायचं. लगेच पितृपक्ष लागतो त्यामुळे सासूबाईंचं तोंड आत्तापासूनच वाकडं आहे पण तिकीट त्याच आठवड्यात स्वस्त दिसतंय, काय करणार.

प्रश्न असा की हॉटेलं बघितली तर डोळे पांढरे झाले. भाचा म्हणतो होस्टेलला राहा, सगळे राहतात. आम्ही दोघी आयुष्यात कधी होस्टेलला राहिलेलो नाही, कॉलेजातसुद्धा घरूनच जाऊन येऊन. वहिनीचा गुडघा दुखरा आहे, वरच्या बेडवर चढणं अशक्य, आणि ती घोरते (तिला विचारून लिहितेय). खाण्यात दोघी शाकाहारी. कुणी गेलंय का? आमच्या वयाच्या बायकांना तिथे विचित्र वाटेल का?

खवचट_पुणेकर
बावन्नाव्या वर्षी बंक बेड? त्यापेक्षा अजून सहा महिने पैसे साठवा आणि सरळ हॉटेलात राहा की. स्वस्तात स्वस्त करायला जायचं आणि परत आल्यावर पाठीला शेक घ्यायचा.

सडाफटिंग
पुणेकर, तुम्ही शेवटचं होस्टेलला कधी राहिलात? मी गेली सात वर्षं राहतोय, मागच्या वेळी माझ्या खोलीत सत्तरीचे एक जर्मन आजोबा होते, रोज सकाळी सहाला उठून पोहायला जायचे आणि आम्ही तिशीतले दहाला डोळे चोळत उठायचो. वयाचं कुणी काही बघत नाही.

भिंगरीताई, होस्टेल घ्याच, पण तीन गोष्टी. बायकांची वेगळी डॉर्म असते ती निवडा, चार किंवा सहा बेडची, बाराची नको. बुकिंग झालं की लगेच ईमेल करून खालचा बेड मागा, गुडघ्याचं कारण लिहा, बहुतेक देतात. आणि कुलूप घरून न्या, लॉकर असतो पण कुलूप तिथे विकत घ्यायला लावतात. घोरण्याचं टेन्शन नको, त्यासाठीच लोक कानात बोळे घालून झोपतात.

आणि हो, नुसता दर बघून होस्टेल निवडू नका. माल्टा नकाशावर एवढंसं दिसतं, मुख्य बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब आहे, त्यामुळे वाटतं की कुठेही राहिलं तरी काय फरक पडतो. पडतो! मी चार युरो वाचवायला एका आडगल्लीतल्या ठिकाणी राहिलो आणि रोज दीड-दीड तास बसमध्ये घालवला. तिथे पलंग किती रुपयांना यापेक्षा पलंगापासून बसथांबा किती पावलांवर हे महत्त्वाचं.

अण्णा_मिरजकर
नमस्कार ताई. मी मिरजेचा, चार वर्षं झाली इथे माल्टात आहे, एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला. सडाफटिंग म्हणतात ते शंभर टक्के खरं. स्लिमा नाहीतर ग्झीरा बघा. पाचव्हिल भागात स्वस्त बेड दिसतील पण तिकडे चुकूनही नको, तिथे रात्री दोनला दिवस उजाडतो, दारू पिऊन पोरं रस्त्यावर गात असतात. जुलै-ऑगस्टमध्ये अख्ख्या युरोपातली पोरं इंग्रजी शिकायला इथे येतात तेव्हा तर होस्टेलात पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जरा ओसरतं, त्यामुळे तुमची तारीख चांगली निघाली. समुद्र तेव्हा सगळ्यात छान असतो, उन्हाळाभर तापलेला.

ग्झीरा या नावाची गंमत सांगतो. माल्टीज भाषा मुळात अरबीच्या घराण्यातली, लिहितात मात्र रोमन लिपीत. ग्झीरा म्हणजे बेट. अरबी जझीरा. आणि आपल्या मुरूडचा जंजिरा पण त्याच शब्दावरून आला. मी पहिल्यांदा बसवर पाटी वाचली तेव्हा काही कळलं नाही, नंतर एका ट्युनिशियाच्या सहकाऱ्याने सांगितलं तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. जगाला हे लोक दिन्या म्हणतात, म्हणजे आपली दुनिया. साबणाला सापूना.

बसचं सांगतो. एअरपोर्टवरून एक्स-२ नंबरची बस स्लिमा-सेंट ज्युलियन्सकडे जाते. उन्हाळ्यात एका तिकिटाला अडीच युरो, दोन तास चालतं. तुम्ही आठ दिवस आहात तर सात दिवसांचं पंचवीस युरोचं कार्ड घ्या. इथे राहणाऱ्यांना २०२२ पासून बस फुकट आहे, त्यामुळे गर्दी मरणाची. थांब्यावर उभं राहून हात केला नाही तर ड्रायव्हर थांबत नाही, आणि भरली असेल तर हात करूनही थांबत नाही. त्यामुळे सकाळी आठच्या आत निघायचं, नाहीतर डोकं फिरतं.

भिंगरी
अण्णा, किती छान माहिती दिलीत! जंजिऱ्याचं वाचून वहिनी म्हणाली चला मग, आपल्याच गावात चाललोय. व्हिसाचं काय? होस्टेलचं बुकिंग दाखवलं तर नाकारतात असं मैत्रीण सांगते.

टिवल्या
शेंगेनच आहे तो (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा), जून २०२४ पासून फी ८० ची ९० युरो झालीय, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. होस्टेलमुळे नाकारत नाहीत, माझा होस्टेलवरच झाला. फक्त कन्फर्मेशनवर दोघींची नावं हवीत, माझ्या मित्राने एकाच नावावर दोन बेड बुक केले होते आणि दुसऱ्याला परत कागद आणायला पिटाळलं. विमा कमीत कमी ३० हजार युरोचा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. आणि प्लग ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा असतो, युरोपचा गोल दोन पिनांचा अडॅप्टर नेलात तर फोन मेला म्हणून समजा.

खवचट_पुणेकर
बरं जा. पण त्या निळ्या पाण्याच्या फोटोंना भुलून कोमिनो बेटावर जाऊ नका. मी गेलोय (हॉटेलात राहून). बोटीत सार्डिनसारखे भरतात आणि किनाऱ्यावर उतरलं की पाणी दिसत नाही, माणसंच दिसतात.

अण्णा_मिरजकर
पुणेकरांशी पहिल्यांदाच सहमत. यंदाच्या मेपासून कोमिनोच्या ब्लू लगूनला (तेच ते निळं पाणी) आधी ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो, फुकट आहे, पण क्यूआर कोड दाखवून मनगटाला पट्टा बांधून घ्यायचा मगच आत. एका वेळी चार हजार माणसं. चार हजार हे कमी केल्यानंतर, म्हणजे आधी काय असेल विचार करा.

त्यापेक्षा गोझो बेटावर जा, आणि जाऊन संध्याकाळी परत येऊ नका, दोन रात्री राहा. चिरकेव्वाहून फेरी निघते, पंचवीस मिनिटं. जाताना पैसेच घेत नाहीत, परत येताना ४ युरो ६५ सेंट. गोझोत बहुतेक बसा व्हिक्टोरिया गावातून सुटतात आणि बऱ्याचशा तासाला एक, चुकली की बसा उन्हात. एका दिवसात जे लोक करतात त्यांचा निम्मा वेळ त्यातच जातो.

मास्तर
थोडं अवांतर, पण राहवत नाही. माल्टाशी आपला संबंध नुसत्या शब्दांचा नाही. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान युद्धावरून ब्रिटन आणि रशियात तणाव वाढला तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीच्या सरकारने सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांत घालून माल्टात उतरवले होते, युरोपला धाक दाखवायला. ब्रिटन-रशिया लढाई झालीच नाही, काही आठवडे राहून पुढे सायप्रसकडे गेले. पहिल्या महायुद्धात तर जखमी सैनिकांची इतकी इस्पितळं या बेटावर होती की त्याला भूमध्य समुद्राची परिचारिका म्हणत. जे हिंदी सैनिक तिथे वारले आणि ज्यांचं दहन झालं त्यांचं स्मारक पिएता इथल्या लष्करी दफनभूमीत आहे. ग्झीराहून लांब नाही. कुणी जात नाही तिथे. तुम्ही गेलात तर एक फूल ठेवा माझ्या वतीने.

आणि हायपोजियम! जमिनीखाली खोदलेली पाच हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी, १९०२ मध्ये घर बांधताना मजुरांना सापडली. आतली हवा बिघडू नये म्हणून दिवसाला फक्त ऐंशी माणसं सोडतात, दहा-दहाच्या तुकड्या करून. तिकीट महिनोन् महिने आधी संपतं. आजच काढा.

भिंगरी
मास्तर, तुमचं वाचलं आणि लगेच काढलं, ११ सप्टेंबर, पस्तीस युरो माणशी. वहिनी किंमत ऐकून दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, होस्टेलमध्ये वाचवतोय ना, तिथे घालवू.

खाण्याचं सांगा ना कुणीतरी. मी छोटा कुकर आणि खिचडीचं सामान नेणार आहे.

गोंयकार_पोर
कुकर??

अण्णा_मिरजकर
ताई शाकाहारी माणसाला इथे पास्तिझी जिंदाबाद. शंकरपाळ्यासारखा चौकोनी, पापुद्र्याचा, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाण्याचं सारण. वाटाण्याचा घेतलात तर आपल्या पॅटिसची आठवण येईल, जरा मसाला असतो त्यात. गल्लीच्या दुकानात साठ-सत्तर सेंटला एक, दोन खाल्ले की दुपार निघते. सीफ्रंटवरच्या कॅफेत तोच तिप्पट किमतीला. फ्तीरा म्हणून मोठी पोळीसारखी पावाची भाकर असते, टोमॅटो ऑलिव्ह घालून, त्यात ट्युना टाकतात, ते नको म्हणून आधी सांगा, नंतर काढून देतात पण वास जात नाही. डाळ-तांदूळ न्यायची गरजच नाही, ग्झीरा-म्सिदा भागात आपली किराणा दुकानं आहेत, पोहेसुद्धा मिळतात.

पाणी : नळाचं पाणी बरंचसं समुद्राचं खारं काढून केलेलं असतं, पिऊन काही होत नाही पण चव नाही. सगळे बाटल्या घेतात. प्रत्येक बाटलीला दहा सेंट डिपॉझिट लावतात, रिकामी बाटली दुकानाबाहेरच्या मशीनमध्ये टाकली की पावती मिळते. मोठ्या कॅनला लावत नाहीत म्हणून पाच लिटरचा घ्या आणि छोट्या बाटल्या भरा.

भिंगरी (२० सप्टेंबर २०२५)
आलो! धागा वर काढतेय. घरी येऊन चार दिवस झाले, कपडे धुऊन झाले, आता लिहिते.

८ तारखेला दुपारी पोचलो आणि कळलं की त्या दिवशी तिथे मोठी सुट्टी, व्हिक्टरी डे. बंदरात होड्यांच्या शर्यती होत्या त्या आमच्या हुकल्या. पण अण्णांनी फोनवर सांगितलं की झोपू नका, सेन्ग्लेआला जा, मिरवणूक आहे. गेलो. अरुंद गल्ल्या, वरून लाकडी गॅलऱ्या, त्यांतून कागदाचे कपटे उधळताहेत, ब्रास बँड, आणि खांद्यावर बाल मेरीची मूर्ती. खांदेकरी दोन पावलं पुढे, एक पाऊल डुलत, थांबत, परत पुढे. वहिनी बराच वेळ बघत होती आणि म्हणाली, परवा आपला गेला आणि आज हिची निघाली. आम्हाला रात्री परतीला तिसऱ्या बसमध्ये कशीबशी उभ्याने जागा मिळाली, प्रवासाचा शीण, पाय सुजलेले, पण त्या रात्री झोप अशी लागली की वहिनी घोरली का नाही तेही मला माहीत नाही.

आता होस्टेल. नाव लिहीत नाही कारण काही चांगलं काही वाईट. सहा बेडची बायकांची डॉर्म, २७ युरो रात्रीला, वर ५० सेंट पर्यावरण कर, तो रोख मागितला. थांबा दोन मिनिटांवर. ईमेल करूनही खालचा बेड एकच मिळाला, वर मी चढले, पहिल्या रात्री उतरताना शिडी सापडेना म्हणून अर्धा तास तशीच बसून राहिले. एसी रात्री आठ ते सकाळी आठच, दुपारी खोलीत भट्टी. पण दुपारी खोलीत बसतंय कोण.

पोरी होत्या सगळ्या विशी-पंचविशीच्या, एक ब्राझीलची, दोघी पोलंडच्या. तिसऱ्या दिवशी ब्राझीलची मुलगी वहिनीला विचारते, तू एकटी का आली नाहीस? वहिनी म्हणाली, ही (म्हणजे मी) एकटी पडली असती. मी तिथल्या तिथे मान्य केलं.

आणि कुकर. हसू नका. किचनमध्ये शेगडी इंडक्शनची! आमचा कुकर ॲल्युमिनियमचा, तो काही केल्या तापेना, वहिनी बटणं दाबतेय, शेगडी नुसती टुकटुक करतेय. एका पोलिश मुलीने येऊन चुंबकाचं काहीतरी समजावलं तेव्हा कुठे उलगडा झाला. शेवटी तिथल्याच स्टीलच्या पातेल्यात ताट झाकून खिचडी केली. फोडणी दिलीच नाही, छतावर धुराचा अलार्म लुकलुकत होता, हिंमत झाली नाही. कोपऱ्यात एक फळी होती, जाणारे लोक उरलेलं सामान तिथे ठेवून जातात, कुणीही घ्यावं. तेल, मीठ, पास्ता आम्ही आठवडाभर तिथूनच वापरलं, एक दमडी खर्च नाही.

टिवल्या
हिशोब टाका ना ताई, आकडे हवेत.

भिंगरी
टाकते. माणशी : होस्टेल सहा रात्री १६२ युरो, गोझोत दोन रात्री एका घरात खोली घेतली, आमच्या दोघींत ५८ रुपये, सॉरी युरो, रात्रीला, म्हणजे माणशी ५८ झाले. कर ४. बस २५. फेरी ४.६५. हायपोजियम ३५. सेंट जॉन्स कॅथेड्रल १५ (इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं शिरच्छेदाचं ते मोठं चित्र, १६०८ चं, त्याने सही केलेलं एकुलतं एक, आणि सही कुठे तर चित्रातल्या रक्ताच्या थारोळ्यात. वहिनी म्हणाली आपण जेवून आलो ते बरं झालं). खाणं ९५ च्या आसपास. किरकोळ धरून चारशे दहा युरो, म्हणजे साडेबेचाळीस हजार. विमान ५८ हजार, व्हिसा-विमा बारा. एकूण एक लाख बारा-तेरा हजार माणशी.

खवचट_पुणेकर
बरं आहे. हायपोजियमला पस्तीस वसूल झाले का?

भिंगरी
फोन, कॅमेरा काहीच नेऊ देत नाहीत त्यामुळे दाखवायला एक फोटो नाही. पण खाली छतावर लाल गेरूची वेलबुट्टी आहे, वर्तुळावर वर्तुळं. वहिनी म्हणजे वारली चित्रांच्या भागातली ना, ती मान वर करून बघतच राहिली, गाइडला तिला दोनदा हाक मारावी लागली. वसूल.

कोमिनोला गेलो नाही. गोझोत मार्सालफोर्नच्या पुढे किनाऱ्यावर खडकात कोरलेली मिठागरं आहेत, चौकोन चौकोन, तिथे अख्खी सकाळ गेली. एक आजोबा केरसुणीने मीठ झाडत होते. त्यांच्याकडून अर्धा किलो घेतलं. सासूबाईंना मीठच आणलं, दुसरं काही नाही, त्यांनी डब्यात भरून वर चिठ्ठी चिकटवलीय, पितृपक्षाचं एक अक्षर काढलं नाही.

एक दिवस गोझोत बस चुकली आणि अण्णा म्हणाले तसे पाऊण तास उन्हात बसलो. तेव्हा मात्र दोघींचं भांडण झालं. ते इथे लिहीत नाही.

मास्तर, पिएताला गेलो. दफनभूमीच्या फाटकापाशी शोधायला वेळ लागला. जवळ फुलवाला दिसला नाही, मग वहिनीने रस्त्याकडेच्या झुडपाची बोगनवेल तोडली. गुलाबी. ती ठेवली, तुमच्या वतीने.

मास्तर
आभारी आहे.

गोंयकार_पोर
आणि कुकर परत आणला का?

भिंगरी
नाही, शेवटच्या दिवशी अण्णांना भेटलो. त्यांच्याकडे गॅसची शेगडी आहे. तिथे पाइपचा गॅस नाहीच, सगळीकडे सिलिंडर, गाडी गल्लीत येते. कुकर, उरलेली मुगाची डाळ आणि गोडा मसाला त्यांना दिला.

अण्णा_मिरजकर
काल लावला. चार वर्षांत पहिल्यांदा घरात शिट्टी वाजली. तिसऱ्या शिट्टीला खालचा म्हातारा धावत वर आला, दार ठोकून विचारतो काय फुटलं. त्याला वाटीभर वरण-भात दिला. आज सकाळी जिन्यात भेटला तर विचारत होता, ते आज परत वाजवणार आहेस का.